नियमग्रंथाची राखण

महाडहून वरंध घाटाच्या रोखानें गेलें म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याशीं दाट झाडींत शिवथरची घळ लागते. पावसाळ्यांत तिच्या तोंडाशीं धबधबा असा कोसळतो कीं, आंत उभ्या असलेल्या दोघांस एकमेकांचें बोलणें ऐकूं येण्याची मारामार. समर्थ रामदासांनीं याच घळींत दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनीं तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. मधल्या काळांत हें स्थळ लोकांच्या विस्मृतींत गेलें होतें. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं तें १९३० सालीं शोधून काढलें.

दासबोध म्हटला कीं अध्यात्म, विवेक आणि राजकारण हींच नांवें आधीं आठवतात. परंतु त्याच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास निव्वळ लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळें, सरळ आणि मोकळें असावें. पहिलें अक्षर जसें उमटलें तसेंच ग्रंथ संपेपर्यंत उमटत राहावें. ओळी सारख्या याव्यात. तरुणपणीं हौसेनें बारीक लिहिलेलें म्हातारपणीं कामास येत नाहीं, म्हणून मध्यम आकाराचें लिहावें. पानाच्या चोहोंकडे जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षरास धक्का लागणार नाहीं. हे नियम ज्यांच्यासाठीं सांगितले ते कांहीं पगारी कारकून नव्हते. मठामठांतून ग्रंथाच्या प्रती करणारे शिष्य तें काम आपखुशीनें करीत. कोणाचें अक्षर बारीक आलें तर त्याचा पगार कापणारा अधिकारी तेथें नव्हता. म्हणूनच कीं काय, या समासांत नियमाबरोबर त्याचें कारणहि सांगितलेलें आढळतें. ज्यास हुकूम करतां येत नाहीं त्यास कारण पटवावें लागतें.

हातानें केलेल्या प्रतींत पाठभेद शिरतात. एकाची डुलकी दुसऱ्याच्या प्रतींत शब्द होऊन बसते. म्हणून कोणती तरी एक आधारप्रत सर्वमान्य असावी लागते. देवांनीं १९०५ सालीं दासबोध प्रसिद्ध केला तो डोमगांवच्या मठांतील, कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून. बिनपगारी कामकऱ्यांसाठीं नियम कसे लिहावे, आणि ते लिहिल्यावर त्यांची शुद्ध प्रत कोणीं राखावी, हे दोन्ही प्रश्न आजच्या यंत्रयुगांत एका अगदीं निराळ्या क्षेत्रांत पुन्हा उभे राहिले आहेत. तें क्षेत्र म्हणजे संगणकाच्या मुक्त सॉफ्टवेअरचें.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणासहि वाचतां, बदलतां आणि वांटतां येते असें सॉफ्टवेअर. अशीं हजारों सॉफ्टवेअरें जगभर विखुरलेल्या लोकांनीं लिहिलेलीं असतात. त्यांची एकत्र मोट बांधून तीं कोणाच्याहि संगणकावर सुरळीत चालतील असा संग्रह करण्याचें काम ‘डेबियन’ नांवाचा संघ करतो. इयन मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्यानें ऑगस्ट १९९३ मध्यें त्याची स्थापना केली. संघाचें नांव त्यानें आपल्या मैत्रिणीच्या डेब्रा या नांवास स्वतःचें नांव जोडून बनविलें. जून २०२३ मध्यें या संग्रहाची जी आवृत्ति निघाली तींत ६४,००० हून अधिक पॅकेजें होतीं. पॅकेज म्हणजे एक सॉफ्टवेअर व तें बसविण्यासाठीं लागणारी सर्व सामग्री यांचें बांधलेलें गांठोडें. हीं गांठोडीं बांधणारे सुमारें हजार सभासद व त्यांचे असंख्य साहाय्यक बहुतेक स्वयंसेवकच आहेत. याच संघाची वार्षिक परिषद सप्टेंबर २०२३ मध्यें केरळांतील कोची येथें भरली होती.

हजार हातांनीं बांधलेलीं गांठोडीं एकाच घरांत ठेवावयाचीं तर घराची रीत ठरलेली पाहिजे. कोणती वस्तु कोणत्या कप्प्यांत ठेवावी, एका पॅकेजास दुसऱ्याची गरज असेल तर ती कशी नोंदवावी, तें काढून टाकतांना काय मागें ठेवावें आणि काय पुसावें, याचे नियम ज्या ग्रंथांत आहेत त्याला ‘डेबियन पॉलिसी मॅन्युअल’ म्हणतात. मराठींत त्यास धोरणग्रंथ म्हणावयास हरकत नाहीं. इयन जॅक्सन व ख्रिश्चन श्वार्ट्झ यांनीं १९९६ पासूनच्या कांहीं वर्षांत त्याचा पाया घातला. त्यानंतर मात्र तो कोणा एकाचा ग्रंथ राहिला नाहीं.

या ग्रंथाची भाषा मोजूनमापून वापरलेली आहे. त्यांत ‘केलेंच पाहिजे’, ‘करावें’ आणि ‘केलें तरी चालेल’ अशा तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीचा नियम मोडला तर त्या पॅकेजावर गंभीर दोषाची नोंद होते, आणि तो दोष दूर होईपर्यंत तें पुढील आवृत्तींत जाऊं शकत नाहीं. दुसऱ्या पायरीचा नियम मोडणें हाहि दोषच, पण त्यासाठीं आवृत्तीचें दार बंद होत नाहीं. त्यामुळें एखादें वाक्य ‘करावें’ मधून ‘केलेंच पाहिजे’ मध्यें चढविणें ही नुसती व्याकरणाची गोष्ट राहत नाहीं. एका क्रियापदाच्या फेरफारानें शेंकडों लोकांच्या सुटीचे दिवस कामांत जाऊं शकतात.

असें असतां ग्रंथांत बदल कसा होतो? सूचना कोणीहि करावी. त्यासाठीं सभासद असण्याची अट नाहीं. पॅकेजांतील दोष जेथें नोंदविले जातात त्याच जाहीर नोंदवहींत धोरणग्रंथांतील उणीवहि दोष म्हणून नोंदविली जाते. हा प्रघात मोठा मार्मिक आहे. नियम हा पवित्र पाठ नसून दुरुस्तीस पात्र अशी वस्तु आहे, हें त्यानें आपोआप ठरतें. मग चर्चा होते, ती सर्वांस उघडी. चर्चेचा कल दिसूं लागला म्हणजे कोणी तरी नेमकी शब्दयोजना पुढें ठेवतो: अमुक ओळ काढावी, तिच्या जागीं अमुक घालावी. नुसता ‘असें कांहीं तरी असावें’ हा आशय पुरत नाहीं. त्या शब्दांस प्रस्तावक धरून तीन सभासदांचा जाहीर पाठिंबा मिळाला व कोणाचा भक्कम आक्षेप उरला नाहीं, म्हणजे संपादक तो बदल ग्रंथांत घेतात. शुद्धलेखनाच्या किंवा निव्वळ स्पष्टीकरणाच्या दुरुस्तीस एवढें सोपस्कार लागत नाहींत.

संपादकांची नेमणूक संघाचा निर्वाचित प्रमुख करतो. पण त्यांचा अधिकार चमत्कारिक आहे. ग्रंथाची लेखणी त्यांच्या हातीं असली तरी आपल्याला योग्य वाटतो म्हणून एखादा नियम घुसविण्याची त्यांस मुभा नाहीं. एकमत झालें कीं नाहीं हें ओळखणें, हेंच त्यांचें मुख्य काम. सभेंत ज्यानें भाषण करावयाचें नाहीं, पण सभेचा ठराव बिनचूक लिहावयाचा, अशा चिटणिसासारखी ही भूमिका आहे.

याच्याहि मागें एक तत्त्व आहे. संघाची घटना १९९८ च्या डिसेंबरांत मंजूर झाली. तिच्यांत स्वच्छ म्हटलें आहे कीं, कोणत्याहि सभासदावर काम करण्याची सक्ति नाहीं. मात्र रीतसर ठरलेल्या निर्णयाविरुद्ध त्यानें मुद्दाम वागूं नये. ज्यास पगार नाहीं व ज्यावर सक्ति नाहीं, त्याच्यावर वरून नियम लादला तर तो भांडत बसणार नाहीं, निघून जाईल. म्हणून प्रथम चालीरीत बसावी, ती चांगली चालते असें दिसावें, आणि मग ती ग्रंथांत लिहिली जावी, असा तेथील सामान्य क्रम आहे. धोरणग्रंथ हा कोणास बडविण्याची काठी नव्हे, असें त्या मंडळींत नेहमीं म्हणतात. अर्थात् काठी म्हणून तो कधींच उगारला गेला नाहीं असें मात्र नव्हे.

नियमाची कसोटी कशी लागते याचें एक उदाहरण रेडिओच्या श्रोत्यांस विशेष गमतीचें वाटेल. निराळें काम करणाऱ्या दोन प्रोग्रामांचें नांव एकच असूं नये, असा या ग्रंथांतील नियम आहे. तसें झाल्यास दोन्ही पक्षांनीं समजुतीनें ठरवून एकानें नांव बदलावें. समजूत पटलीच नाहीं तर दोघांनींहि बदलावें! आतां ‘नोड’ या नांवाचा एक लहानसा प्रोग्राम हौशी रेडिओवाले आपल्या संदेशवहनासाठीं वापरीत, आणि तो संग्रहांत होता. पुढें २००९ सालीं ‘नोडजेएस’ हें सॉफ्टवेअर निघालें व बघतां बघतां जगभर पसरलें. त्याचाहि प्रोग्राम ‘नोड’ याच नांवानें चाले. एका बाजूस जुना हक्क, दुसऱ्या बाजूस अफाट संख्याबळ. हौशी रेडिओवाल्यांची यंत्रें पुष्कळदां कोठें तरी दूर टेकडीवर, माणसाच्या देखरेखीवांचून चालत असत. नांव बदललें तर तीं मुकाट्यानें बंद पडण्याचें भय होतें. समजूत पटेना, तेव्हां २०१२ सालीं हें प्रकरण संघाच्या तांत्रिक समितीपुढें गेलें. निकाल ग्रंथास धरूनच लागला: दोघांनींहि नांव बदललें, आणि जुन्या नांवानेंच हांक मारणाऱ्यांच्या सोयीसाठीं एक छोटें निराळें पॅकेज ठेवण्यांत आलें. कांहीं वर्षांनीं नोडजेएसला तें नांव मिळालें ही गोष्ट वेगळी. बहुमताचा लोंढा आला तरी लिहिलेला नियम थोडक्यांच्याहि बाजूनें उभा राहतो, हें त्या वेळीं दिसलें.

सर्वच वाद असे सोज्वळपणें मिटले नाहींत. संगणक सुरू होतांच इतर सर्व कामें कोणीं व कोणत्या क्रमानें चालू करावयाचीं, हें पाहणारें एक मूलभूत सॉफ्टवेअर असतें. जुन्या पद्धतीऐवजीं ‘सिस्टिमडी’ हें नवें सॉफ्टवेअर घ्यावें कीं नाहीं, यावर संघांत मोठें रण माजलें. फेब्रुवारी २०१४ मध्यें तांत्रिक समितीच्या आठ सभासदांचीं मतें चार विरुद्ध चार अशीं पडलीं आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतानें सिस्टिमडीची निवड झाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत सर्व सभासदांचें मतदान झालें. त्यांत या बाबतींत ठरावाची गरजच नाहीं, हा पर्याय विजयी झाला. परंतु समितींतील कांहीं जुने सभासद राजीनामा देऊन गेले, आणि नाराज मंडळींपैकीं कांहींनीं त्याच महिन्यांत ‘देवुआन’ या नांवानें निराळी चूल मांडली. मुक्त सॉफ्टवेअरांत कोणासहि संहितेची प्रत घेऊन वेगळें होतां येतें, त्यामुळें ही फाटाफूट कायदेशीरच होती; तरी वीस वर्षें एकत्र काम केलेलीं माणसें दुरावलीं तीं दुरावलींच.

या सर्व धामधुमींत धोरणग्रंथ मागेंच राहिला होता. चालीरीत बदलली, पण एकमत नाहीं, म्हणून शब्द बदलतां येईनात. आणि नव्यानें पॅकेज बांधणाऱ्यानें ग्रंथ उघडला तर त्यास कालची रीत वाचावयास मिळे. एकमताच्या पद्धतीचें हें खरें वैगुण्य आहे: जेथें वाद सर्वांत तीव्र, नेमक्या तेथेंच ग्रंथ मुका होतो. शेवटीं डिसेंबर २०१९ मध्यें पुन्हा सर्व सभासदांचें मतदान झालें. सिस्टिमडी मुख्य धरावें, पण पर्याय शोधणाऱ्यांसहि साहाय्य करावें, असा कौल मिळाला, आणि २०२० च्या प्रारंभीं संपादकांनीं त्याप्रमाणें ग्रंथांतील शब्द बदलले. नवा नियम त्यांनीं ‘करावें’ या दुसऱ्या पायरीवर ठेवला.

नियम बदलला म्हणजे हजारों पॅकेजें एका रात्रींत बदलत नाहींत. कागदपत्रें ठेवण्याचा कप्पा १९९९ सालीं बदलला, तेव्हां कांहीं पॅकेजांचीं कागदपत्रें जुन्या कप्प्यांत तर कांहींचीं नव्या, अशी स्थिति झाली. जुन्या जागेवरून नव्या जागेकडे बोट दाखविणाऱ्या खुणा ठेवून ती अडचण भागवावी लागली, आणि तें स्थलांतर पुढें वर्षानुवर्षें चाललें. यासाठीं प्रत्येक पॅकेजावर एक लहानशी ओळ लिहिलेली असते: हें गांठोडें धोरणग्रंथाच्या अमुक आवृत्तीशीं पडताळून पाहिलें आहे. ग्रंथाच्या शेवटीं आवृत्तिवार याद आहे. पांच वर्षांनीं परत आलेल्या सभासदानें आपल्या पॅकेजावरील आंकडा पाहावा, यादींतील तेथून पुढच्या नोंदी वाचाव्या, आणि तेवढेंच काम करावें. सगळा ग्रंथ पुन्हा चाळण्याचें कारण नाहीं. आवृत्तीच्या आंकड्यांत चार भाग असतात. नुसती भाषा सुधारली असेल तर चौथाच भाग बदलतो, म्हणजे पॅकेजवाल्यानें निश्चिंत असावें. कोणता शब्द कोणीं, कधीं व कोणत्या तक्रारीवरून घातला, हेंहि जुन्या नोंदींवरून शोधतां येतें. हस्तलिखितांच्या काळीं पाठभेद धुंडाळणाऱ्या संशोधकास अशी सोय असती तर त्याचें निम्में आयुष्य वांचलें असतें.

मात्र हें सर्व चालविणारे संपादक मूठभरच असतात, आणि तेहि आपली नोकरी व संसार सांभाळून. त्यामुळें कित्येक सूचना नोंदवहींत वर्षानुवर्षें पडून राहतात. कांहींस शब्द सुचत नाहींत. कांहींस शब्द मिळाले तरी पाठिंब्याचे दोन माणूस मिळत नाहींत. कांहींचा तर मूळ प्रस्तावकच केव्हांचा निघून गेलेला असतो. अशी जुनी नोंद उचलावी, तींतील वाद शांतपणें वाचावा, दोन ओळींचा मसुदा करून पुन्हा सर्वांपुढें ठेवावा, हें काम कोणत्याहि नवख्यास करतां येतें. आणि संपादकांस गरज असते ती अशाच माणसांची.