न दुखणाऱ्या डोळ्यासाठी

मोतीबिंदूचा रोगी आपण होऊन दवाखान्याची वाट धरतो. सुईत दोरा ओवता येईनासा झाला, दारात उभा राहिलेला मनुष्य आवाजावरून ओळखावा लागू लागला, की घरातलेच कोणीतरी हात धरून त्याला नेत्रशिबिराच्या मांडवात आणून बसविते. मधुमेहाची रीत याहून निराळी. रक्तातील साखरेने दृष्टिपटलाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती वर्षानुवर्षे जीर्ण होत जातात, त्यांना सुईच्या टोकाहून बारीक फुगवटे येतात, रक्त आणि स्निग्ध द्रव पाझरू लागतो, आणि हा सारा उपद्व्याप आत चालू असता तो मनुष्य बाहेर खुशाल बसची पाटी वाचीत उभा असतो. ज्या दिवशी डोळ्यांपुढे काळे जाळे तरंगू लागते, त्या दिवशी पुष्कळदा उशीर झालेला असतो. मोतीबिंदूने नेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत मिळते. मधुमेहाने नेलेली बहुतांशी मिळत नाही, ती जाण्यापूर्वीच राखावी लागते.

तेव्हा ज्याची काही तक्रारच नाही अशा खेडुताला तपासावे कसे, हा प्रश्न ज्या संस्थांनी मनावर घेतला त्यांत मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे नाव घ्यावे लागते. संधिवाताने बोटे कायमची वाकडी झालेली असतानाही त्याच बोटांनी नेत्रशस्त्रक्रिया साध्य केलेले डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि १९७६ साली त्यांनी अवघ्या ११ खाटांवर ही संस्था मांडली. गावोगावच्या शिबिरांनी तिचा लौकिक वाढला. परंतु स्वतःच्याच कीर्तीची झडती घेण्याचे धैर्य थोड्याच संस्थांच्या अंगी असते, ते हिच्या अंगी होते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले, की डोळ्यांच्या उपचाराची गरज असलेल्या ग्रामस्थांपैकी जेमतेम ७ टक्के शिबिराला येतात. मांडव पडतो, उठतो, आणि बाकीचे ९३ आपापल्या ओसरीवर बसलेले राहतात.

यातून दृष्टिकेंद्राची कल्पना निघाली. सुमारे ५० हजार वस्तीमागे बाजाराच्या गावी दोन-तीन खोल्यांची कायमची जागा, आणि तेथे तैनातीस डॉक्टर नव्हे, तर बहुधा खेड्यातूनच निवडून संस्थेने दोन वर्षे शिकवून तयार केलेली तंत्रज्ञ मुलगी. तमिळनाडूतल्याच तेनी भागात अशी पाच केंद्रे रुग्णालयाशी जोडताना कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी घरगुती वापराचे वायफायच हाती घेतले आणि त्याच्या लहरी मनोऱ्यावरून मनोऱ्याकडे नेमक्या रोखून कित्येक किलोमीटर पलीकडे पोहोचविल्या. त्यामुळे खेड्यातील रोगी आणि शहरातील डॉक्टर यांचे समोरासमोर बोलणे होऊ लागले.

पुढे या व्यवस्थेला दृष्टिपटलाचे छायाचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याची जोड मिळाली. हे यंत्र मोठे मानी आहे. बुबुळाच्या मधल्या इवल्याशा छिद्रातूनच प्रकाश आत धाडायचा आणि त्याच वाटेने चित्र बाहेर आणायचे, म्हणून त्याला अंधार हवा, बाहुली मोठी हवी आणि हनुवटी टेकून बसलेल्या म्हाताऱ्याची मान स्थिर हवी. त्यातच मोतीबिंदूची साय आड आली, की चित्र धुक्यात बुडते. उत्तम चित्र मात्र पाहण्याजोगे असते: नारिंगी पटलावर पिवळसर चकती, तिच्यातून फुटलेल्या रक्तवाहिन्यांच्या शाखा, आणि रोग असेल तर त्यांच्या आसपास विखुरलेले तांबडे ठिपके.

ही चित्रे वाचायला तज्ज्ञ अपुरे, म्हणून संगणकाला वाचन शिकविण्याची तजवीज झाली. गूगलच्या संशोधकांनी १,२८,१७५ चित्रांवर घडविलेली प्रणाली २०१६ साली प्रसिद्ध केली. तिच्या कामात अरविंदचीही चित्रे होती आणि २०१९ च्या सुमारास ती मदुराईत प्रत्यक्ष वापरात आली. थायलंडच्या दवाखान्यांत मात्र हिचीच फजिती झाली. खोल्यांत पुरेसा अंधार नसल्याने सुमारे पंचमांश चित्रे तिने निकृष्ट म्हणून परत केली आणि परिचारिकांच्या डोक्याला ताप झाला. बुद्धी कृत्रिम असो वा नैसर्गिक, खिडकीला जाड पडदा लावणारे कोणीतरी लागतेच.

खरी अडचण निदानानंतर सुरू होते. लेसरचा उपचार म्हणजे सीमेवरचा मुलूख सोडून राजधानी राखण्याचा प्रकार: पटलाच्या कडेचा भाग जाणूनबुजून भाजायचा, म्हणजे मधली दृष्टी टिकते. त्यासाठी शहर गाठावे लागते, एका दिवसाचा रोजगार बुडतो, सोबतीला आलेल्या मुलाचाही बुडतो, आणि उपचार नीट पार पडला तरी पूर्वीपेक्षा अधिक काही दिसत नाही. ‘मला तर सगळे चांगले दिसते आहे, मग कशासाठी?’ या प्रश्नापुढे हुकूम चालत नाही आणि भीती घातली तर तो मनुष्य पुन्हा फिरकत नाही. म्हणून मला वाटते, त्या कॅमेऱ्याचे चित्र शहरातील डॉक्टरइतकेच त्या रोग्यालाही दाखविण्यासाठी आहे. तंत्रज्ञ मुलगी पडदा त्याच्याकडे वळविते, एकेका ठिपक्यावर बोट ठेविते, आणि आयुष्यात प्रथमच तो मनुष्य आपला डोळा आतून पाहतो.