रेल्वे विलंब : परतावा व भरपाई

रेल्वेगाडी वेळापत्रकातील वेळेपेक्षा उशिरा सुटल्यास वा पोहोचल्यास प्रवाशाला परत मिळणारे भाडे, तसेच त्याला झालेल्या हानीबद्दल मिळणारी रक्कम. व्यवहारात या दोन्ही गोष्टी एकच समजल्या जात असल्या, तरी कायद्याच्या दृष्टीने त्या भिन्न आहेत. न घेतलेल्या सेवेचे भाडे परत मिळणे म्हणजे परतावा. सेवा घेऊनही ती वेळेवर न मिळाल्यामुळे झालेल्या हानीचे मूल्य मिळणे म्हणजे भरपाई. भारतात परतावा लेखी नियमांनी निश्चित केलेला आहे. भरपाई मात्र पुराव्यावर आणि न्यायनिर्णयावर अवलंबून असते. साहजिकच उशिरा आलेल्या गाडीत चढावे की तिकीट परत करावे, हा फलाटावर घ्यावयाचा निर्णयच प्रवाशाच्या हक्काचे स्वरूप ठरवितो.

छापील वेळापत्रक हे रेल्वेवर बंधनकारक असे वचन आहे काय, हा प्रश्न इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच न्यायालयांपुढे आला. १८५६ मधील एका खटल्यात, वेळापत्रकात जाहीर केलेली गाडी प्रत्यक्षात धावत नसल्याबद्दल रेल्वे कंपनीला जबाबदार धरण्यात आले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या खटल्यात, पुढील गाडी न मिळाल्याने वाटेत मुक्काम करावा लागलेल्या शिंप्याला राहण्याचा खर्च मिळाला. पण गिऱ्हाइकांच्या भेटी हुकल्यामुळे बुडालेल्या धंद्याची भरपाई नाकारण्यात आली. १८७६ चा निर्णय अधिक उद्बोधक आहे. लिव्हरपूलहून स्कारबरोस जाणाऱ्या एका प्रवाशाची यॉर्क येथील पुढची गाडी चुकली. त्याने स्वतंत्र विशेष गाडी भाड्याने घेतली व तिचा खर्च कंपनीकडे मागितला. कंपनीची हयगय न्यायालयाने मान्य केली, परंतु खर्च मात्र अवाजवी ठरविला. उशीर स्वतःच्याच चुकीने झाला असता, तर शहाण्या माणसाने पदरच्या पैशाने असा खर्च केला असता काय, ही कसोटी त्या वेळी लावण्यात आली. भरपाई मागणाऱ्या कोणाही प्रवाशाने ती आजही स्वतःला लावून पाहण्याजोगी आहे.

भारतातील परताव्याची तपशीलवार तरतूद रेल्वे अधिनियम, १९८९ खाली केलेल्या तिकीट रद्द करणे व भाडे परत करणे यासंबंधीच्या २०१५ च्या नियमांत आढळते. त्यांनुसार प्रवाशाचा प्रवास जेथून सुरू होतो, त्या स्थानकावर गाडीस तीन तासांपेक्षा अधिक उशीर झाल्यास कोणतीही कपात न करता पूर्ण भाडे परत मिळते. एरवी परतावा न मिळणाऱ्या निश्चित तत्काळ तिकिटासही ही सवलत लागू आहे. येथे उशीर मोजावयाचा तो तिकिटावरील आरंभस्थानकाचा होय, गाडीच्या मूळ स्थानकाचा नव्हे. हावड्याहून मुंबईस येणारी गाडी वेळेवर सुटली, पण नागपूरला चार तास उशिरा आली, तर नागपूरहून तिकीट काढणाऱ्यास हा हक्क प्राप्त होतो.

या हक्काची मर्यादाही तितकीच महत्त्वाची आहे. गाडी त्या स्थानकातून प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी खिडकीवरील तिकीट परत करावे लागते. ई-तिकीट असल्यास त्याच अवधीत टीडीआर या नावाने ओळखला जाणारा दावा संगणकीय पद्धतीने दाखल करावा लागतो. जो प्रवासी ताटकळत थांबतो आणि अखेरीस गाडीत चढतो, तो मुक्कामी दहा तास उशिरा पोहोचला तरी या तरतुदीखाली त्यास काही मिळत नाही. ज्याला मुलाखतीस वा आजारी आप्ताकडे जावयाचे असते, त्याला तिकीट परत करून घरी जाणे सहसा परवडत नाही. म्हणजे ज्याची गरज अधिक, त्यालाच नियमाचा उपयोग कमी, असा हा उलटा न्याय आहे. उपनगरी गाडीने कामावर जाणाऱ्यास तर तीन तासांची ही अट निरर्थकच होय.

पहिल्या गाडीच्या उशिरामुळे पुढची जोडगाडी चुकल्यास न झालेल्या प्रवासाचे भाडे परत मिळू शकते. त्यासाठी पहिली गाडी प्रत्यक्ष पोहोचल्यापासून तीन तासांच्या आत तिकीट परत करावे लागते. एप्रिल २०१९ पासून दोन स्वतंत्र आरक्षणे परस्परांशी जोडण्याची सोय झाल्याने हा हक्क वेगवेगळ्या तिकिटांनाही मिळू लागला. परताव्यासंबंधीचे वाद रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे सोपविलेले असून त्याची पीठे मुंबई व नागपूर येथेही आहेत.

भरपाईचा मार्ग निराळा आहे. गाड्या वेळेवर धावतीलच अशी हमी आपण देत नाही, ही रेल्वेची भूमिका तिच्या दरपुस्तिकेतील नियमांत नमूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०२१ रोजी दिलेल्या निर्णयात या भूमिकेस मर्यादा घातली. जून २०१६ मध्ये अजमेर-जम्मू एक्सप्रेस जम्मूस सकाळी ८·१० ऐवजी सु. चार तास उशिरा पोहोचली. त्यामुळे एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले व मोटार भाड्याने घेऊन जावे लागले. मोटारखर्चाचे रु. १५,०००, वाया गेलेल्या आरक्षणाचे रु. १०,००० आणि मनस्ताप व दाव्याचा खर्च यांसाठी प्रत्येकी रु. ५,००० ही ग्राहक मंचाने दिलेली भरपाई न्यायालयाने कायम केली. विलंबाचे कारण आपल्या आवाक्याबाहेरचे होते, हे रेल्वेने पुराव्याने दाखविले पाहिजे. तसे न केल्यास ती जबाबदार ठरते, हे या निर्णयाचे सार होय. पुराव्याचे ओझे येथे रेल्वेवर आले, हे विशेष. तथापि प्रत्येक विलंब भरपाईस पात्र ठरतो, असा त्याचा अर्थ नाही. २६-२७ जुलै २०१९ च्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुराच्या पाण्यात अडकली होती. अशा प्रसंगी नैसर्गिक आपत्तीचा बचाव सबळ ठरू शकतो.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि ती तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. सेवेसाठी दिलेले मूल्य पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. तिकीट, गाडीच्या प्रत्यक्ष वेळांची नोंद, चुकलेल्या पुढील प्रवासाचे आरक्षण व पर्यायी वाहनाची पावती एवढे कागद जपून ठेवणे आवश्यक असते.

यूरोपीय संघात विलंबाची भरपाई ठराविक प्रमाणात मिळते : एक तास उशिराबद्दल भाड्याचा चौथा हिस्सा, दोन तासांबद्दल निम्मा. संघाच्या न्यायालयाने २०१३ मध्ये दैवी आपत्तीतही ही भरपाई देय ठरविली होती. जून २०२३ पासून लागू झालेल्या नव्या विनियमाने मात्र असामान्य परिस्थितीचा अपवाद केला. जपानमध्ये दोन तास वा अधिक उशीर झाल्यास द्रुतगती गाडीचा अधिभार परत मिळतो. भारतात ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या लखनौ-दिल्ली तेजस एक्सप्रेसमध्ये एका तासापेक्षा अधिक उशिरासाठी रु. १०० व दोन तासांपेक्षा अधिक उशिरासाठी रु. २५० देण्याची योजना होती. पुढे ती अहमदाबाद-मुंबई तेजसलाही लागू झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही योजना बंद करण्यात आली.