हळदीच्या कागदावर शिकेकाई

शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात 'साबण आणि अपमार्जके' हा पाठ चालू असताना एका बाईंनी पिशवीतून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. एक नेहमीचा शॅम्पू. दुसऱ्यावर 'नैसर्गिक', 'ऑरगॅनिक', 'केमिकलविरहित' असे तीन शब्द आणि किंमत जवळजवळ चौपट. त्यांच्या मुलीच्या डोक्यात कोंडा झाला होता आणि शेजारणीने 'केमिकलवाला' शॅम्पू बंद करायला सांगितले होते. "यांतला कोणता वापरू ते आधी सांगा, पाठ मग घ्या," त्या म्हणाल्या. मागणी रास्त होती. आम्ही दोन्ही बाटल्या फिरवून मागची बारीक अक्षरे वाचायला घेतली.

घटकांची यादी साधारणतः प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. दोन्ही बाटल्यांत पहिले नाव पाण्याचे होते. स्वस्त बाटलीत त्यानंतर सोडियम लॉरिल सल्फेट होते, महागात सोडियम कोको-सल्फेट. 'कोको' म्हणजे इथे नारळ. खोबरेल तेलातील मेदाम्लांपैकी जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते. त्यामुळे त्या तेलापासून केलेल्या कोको-सल्फेटमध्ये मोठा वाटा सोडियम लॉरिल सल्फेटचाच असतो. स्वस्त बाटलीतले लॉरिल सल्फेटही बहुधा खोबरेल किंवा पाम-बियांच्या तेलापासूनच आलेले असते. नारळाचे चित्र मात्र एकाच बाटलीवर होते! महाग बाटलीतला रिठ्याचा अर्क यादीत सुगंध आणि परिरक्षक यांच्याही नंतर होता, म्हणजे बहुधा एक टक्क्याहून कमी.

मग खरा रिठा काय करतो? त्याच्या सालीत सॅपोनिन नावाची संयुगे असतात. सॅपोनिनच्या रेणूचा एक भाग शर्करेचा, पाण्यात रमणारा. दुसरा तेलाशी सलगी करणारा. लॉरिल सल्फेटच्या रेणूचीही अशीच दोन टोके असतात. तेलकट मळाला एका टोकाने धरायचे आणि दुसऱ्या टोकाने पाण्यात ओढायचे, हे काम दोघेही एकाच रीतीने करतात. रिठा हे झाडावर तयार झालेले अपमार्जकच आहे. आणि नैसर्गिक म्हणजे सौम्य असे ज्यांना वाटते त्यांनी लहानपणी रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले होते तो रविवार आठवावा.

हे वर्गात सहज करून पाहता येते. टीपकागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवाव्यात. चार बाटल्यांत विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घ्यावे; महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात ते दुष्फेन असते. एकीत रिठ्याचे गाळलेले पाणी, दुसरीत शिकेकाईचे, तिसरीत शॅम्पू आणि चौथीत 'शिकेकाई साबणा'चा किंवा घरगुती 'नैसर्गिक शॅम्पू-वडी'चा कीस घालून सारख्याच वेळा हलवावे. मग प्रत्येकात हळदीची एक पट्टी बुडवावी. रिठा, शिकेकाई आणि बहुतेक शॅम्पू यांत ती पिवळीच राहते. साबणात मात्र लाल होते आणि त्याच बाटलीत पांढरा साकाही दिसतो.

वर्गातल्या शिक्षकांनी आधी अंदाज लिहिले होते आणि बहुतेकांचे चुकले. त्यांनी शॅम्पूला एकीकडे आणि इतर तिघांना दुसरीकडे बसवले होते. पण तेल आणि कॉस्टिक सोडा यांची वडी, मग तीत शिकेकाईची पूड घाला की जास्वंद, रसायनशास्त्राच्या दृष्टीने साबणच. तो अल्कधर्मी असतो. अल्काने केस फुगतो, त्यावरचे कौलांसारखे रचलेले खवले उचलले जातात आणि केस एकमेकांत अडकतात. वर दुष्फेन पाण्यातले कॅल्शियम साबणाशी संयोग पावून तयार होणारा साका केसांवर बसतो. साबणाने न्हाल्यावर लिंबाचे पाणी ओतण्याची जुनी पद्धत त्यावरचाच उपाय होता.

शेजारणीचे म्हणणे अगदीच निराधार होते असे नाही. लॉरिल सल्फेट त्वचेला कोरडे करते. त्वचेच्या अभ्यासात मुद्दाम सौम्य दाह निर्माण करायचा असेल तर संशोधक हेच संयुग वापरतात. त्याचे भावंड लॉरेथ सल्फेट त्याहून सौम्य आहे, आणि बीटाइन किंवा ग्लुकोसाइड गटातले घटक सोबत असतील तर शॅम्पू आणखी मवाळ होतो. ही नावे मागच्या बाजूला सापडतात, पुढच्या बाजूला नाही.

'ऑरगॅनिक' या शब्दाने तर विज्ञानशिक्षकाची पंचाईतच होते. दहावीच्या पुस्तकात आता 'कार्बनी संयुगे' म्हणतात, पूर्वी सेंद्रिय म्हणत. त्या अर्थाने लॉरिल सल्फेट पक्के सेंद्रिय आहे. सजीवाशिवाय सेंद्रिय पदार्थ होत नाही ही समजूत १८२८ साली व्होलरने प्रयोगशाळेत युरिया बनवला तेव्हापासूनच ढासळू लागली. दुकानातला 'ऑरगॅनिक' शेतीच्या पद्धतीविषयी बोलतो. आपल्याकडे सेंद्रिय अन्नासाठी २०१७ सालचे नियम आहेत, पण ते खाण्याच्या वस्तूंपुरते. शॅम्पू त्यांत येत नाही.

कंडिशनरची गोष्ट वेगळी. धुतलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार असतो, म्हणून कंडिशनरमध्ये धन प्रभाराचे लांब रेणू घालतात. ते केसाला चिकटतात, न्हाताना वाहून जात नाहीत आणि कंगवा सहज फिरतो. इथेही 'नैसर्गिक' या शब्दाने निवड होत नाही. मुंबईतील एका तेल कंपनीच्या संशोधन विभागाने २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसांतील प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने कमी झाली. कंपनी खोबरेल विकणारी होती हे लक्षात ठेवावे, पण स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे: लॉरिक आम्लाची सरळ, आखूड साखळी केसात शिरते. सूर्यफुलाचे तेलही तितकेच नैसर्गिक, पण त्याचे वाकडे रेणू बाहेरच राहतात.

राहिला कोंडा. डोक्याच्या त्वचेवर मॅलॅसेझिया नावाचे किण्व राहते, त्वचेतल्या तेलावर जगते, आणि बहुतेकदा कोंड्यामागे त्याचाच हात असतो. दोन्ही बाटल्यांत त्यावर काहीच नव्हते. आम्ही बाईंना सांगितले, खोबरेल लावायचे तर केसांच्या लांबीला लावा, मुळाशी चोळू नका, आणि त्वचेच्या डॉक्टरांना विचारून कीटोकोनॅझोल असलेला शॅम्पू आणा. "म्हणजे तिसरी बाटली," त्या म्हणाल्या. महागडी बाटली त्यांनी वर्गातच ठेवली, पुढच्या तुकडीच्या हळदीच्या पट्ट्यांसाठी.