पॅरिसची सहा टिंबे

पॅरिसहून आलेल्या माणसाला आमच्या मालवणात पहिला प्रश्न ठरलेला: "टावर बघलात मां, सर?" टॉवर पाहिला खरा, पण मन रमले ते तिथल्या अंध मुलांच्या शाळेत.

१७८५ साली व्हालाँतँ आउई या गृहस्थाने काढलेली ही शाळा जगातली पहिली मानतात. तिथली मुले कागदावर उठावाने छापलेली रोमन अक्षरे चाचपून वाचत. पुस्तके जडशीळ, वाचन मुंगीच्या चालीने.

लुई ब्रेल इथलाच विद्यार्थी. बाप घोड्यांचे सामान शिवणारा. तीन वर्षांच्या लुईच्या डोळ्यात कातडे टोचण्याची आरी घुसली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, त्याने सहा टिंबांची लिपी सिद्ध केली. मुलांना ती आवडली. डोळस मास्तरांना नाही. आपल्याला न वाचता येणारी अक्षरे वर्गात कशाला? १८४० नंतर काही काळ तिला बंदीच होती. मुले चोरून लिहीत राहिली. शाळेने ती रीतसर स्वीकारली १८५४ साली. ब्रेल १८५२ मध्येच वारला होता!

मी गेलो तेव्हा एक दहाबारा वर्षांची मुलगी वाचत होती. तिची बोटे जाळे विणणाऱ्या गाबिताच्या बोटांसारखी न अडखळता चालली होती.

मराठीच्या मास्तराला साहजिकच आपली अक्षरे आठवली. १९५१ साली भारतीय भाषांसाठी 'भारती ब्रेल' ठरले. त्यात आपल्या 'ळ'लाही स्वतःची टिंबे आहेत. आपण 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढतो, उच्चारतो मात्र नंतर. ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे 'क'नंतरच येते.

म्हणजे लिपी आहे. दादरला १९०० साली ॲना मिलार्डबाईंनी काढलेली शाळा आहे. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क २०१६च्या कायद्याने दिला आहे.

तरी "देवान डोळे न्हेले, आणखी तेका तरास कित्याक?" म्हणत पोराला ओटीवर बसवून ठेवणारी माणसे आहेत. ती निर्दय नसतात, मायाळूच असतात. पण मायेने पेज मिळते, अक्षर मिळत नाही. शाळा मास्तरांच्या सोयीची की मुलाच्या, हा पॅरिसचा जुना प्रश्न आज आपल्या दाराशी आहे.

तुमच्या चाळीत किंवा गावच्या वाडीत असे मूल असेल, तर यंदा फराळाचे ताट देताना त्याच्या आईला एवढे अवश्य विचारा: "वहिनी, याला शाळेत कधी घालताय?"