पेशींची पकड सुटते तेव्हा

वस्तीत फिरताना आम्हाला एक वाक्य हमखास ऐकू येते : "ताई, तुकडा काढला की कॅन्सर पसरतो." या भीतीने माणसे दवाखाना टाळतात. ऐकीव गोष्ट पारखून घ्या, असे तथागतांनी सांगितले आहे. म्हणून पारखू या.

तोंडाच्या आतल्या अस्तरातील पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. ही पकड ई-कॅडहेरिन नावाचे प्रथिन कॅल्शियमच्या मदतीने ठेवते. मशेरी, तंबाखू, गुटखा, सुपारी यांमुळे पेशींतील जनुके बिघडू शकतात. मग पेशी बेसुमार वाढतात. पुढे अनेकदा त्यांची पकडही ढिली पडते. सुट्या झालेल्या पेशी खोलवर शिरतात आणि रसवाहिन्यांतून मानेच्या गाठींत पोचतात. कॅन्सर पसरतो तो असा, आतून. तपासणीसाठी तुकडा काढल्याने नव्हे. उलट तुकडा तपासल्याशिवाय निदान पक्के होत नाही, आणि उशीर केला तर पेशींना पसरायला वेळ मिळतो.

तोंडात 2 आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, मानेत गाठ, यांपैकी काहीही दिसले तर लगेच सरकारी दवाखान्यात दाखवा. कॅन्सर पसरण्याआधी सापडला तर बरे होण्याची शक्यता खूप जास्त असते.

या रविवारी विहारात वंदना झाल्यावर मशेरी लावणाऱ्या आपल्या आई-आजीला एवढे जरूर विचारा : तोंडात काही दुखतंय का?