इटलीचा वेस्टर्न (भाग ६) : बंदूक खाली, ठोसा वर

गेल्या आठवड्यात आपण ‘जांगो’मधला चिखल आणि त्यातून ओढत नेलेली शवपेटी पाहिली. १९६६च्या त्या चित्रपटाचं छायाचित्रण एन्झो बार्बोनीचं होतं. चार वर्षांनी याच बार्बोनीने ई. बी. क्लचर या नावाने ‘दे कॉल मी ट्रिनिटी’ दिग्दर्शित केला आणि रक्ताने माखलेला वेस्टर्न खो खो हसू लागला.

सुरुवातच बघा. नायक घोड्यावर बसलेला नाही. घोड्यामागे दोन बांबूंना बांधलेल्या झोळीत तो निवांत पहुडलाय आणि घोडा त्याला धुळीतून फरफटत नेतोय. मग तो एका घोडागाडीच्या थांब्यावर उतरतो आणि घेवड्याची आख्खी कढई पुढ्यात ओढतो. कॅमेरा त्याच्या तोंडावरून हलत नाही. लाकडी चमचा, पाव, पुन्हा चमचा. शेवटी पावाने कढई लख्ख पुसून काढतो. इनामासाठी माणसं पकडणारे दोघे शेजारीच बसून बघत राहतात. दिग्दर्शक लिओनीच्या चित्रपटांत गोळी सुटण्याआधी जो ताण असायचा, तोच बार्बोनीने जेवणाला लावला. गोळी येते ती नंतर, आणि तीही ट्रिनिटी मागे वळून न बघता झाडतो.

हा आळशी ट्रिनिटी म्हणजे टेरेन्स हिल, मूळचा व्हेनिसचा मारियो जिरोत्ती. त्याचा भाऊ बँबिनो झालाय बड स्पेन्सर. नेपल्सचा हा कार्लो पेदेरसोली १०० मीटर फ्रीस्टाइल एका मिनिटाच्या आत पोहणारा पहिला इटालियन. १९५२ आणि १९५६च्या ऑलिंपिकमध्येही तो उतरला होता. बँबिनो खरा घोडेचोर, पण गावात शेरीफ बनून बसलाय. त्याला आपला बेत शांतपणे तडीस न्यायचाय, आणि नेमका तेव्हाच धाकटा येऊन टपकतो! चित्रपटाची सगळी गंमत या वैतागात आहे. (मूळ इटालियन आवृत्तीतला स्पेन्सरचा आवाज ग्लाउको ओनोरातोचा आहे, तरी तो गुरगुराट त्या देहातूनच निघाल्यासारखा वाटतो.)

मेजर हॅरिमनला मॉर्मन वसाहतीचं कुरण आपल्या घोड्यांसाठी हवंय. ते लोक शस्त्र उचलत नाहीत, म्हणून हे दोघे भाऊ त्यांना हातघाईचे धडे देतात. शेवटची मारामारी बंदुकांशिवाय होते आणि बराच वेळ चालते. स्पेन्सर मूठ वरून थेट टाळक्यात हाणतो. हिल वाकतो, निसटतो, समोरच्यांनाच एकमेकांवर आदळवतो. माणसं धडपडतात, उठतात, पुन्हा मार खायला येतात.

या हसण्यानेच इटालियन वेस्टर्न संपवला, असं अनेक समीक्षक म्हणतात. मला ते पटत नाही. तोवर सूड, शवपेट्या आणि इनामाच्या त्याच त्या कथांना प्रेक्षक कंटाळले होते. बार्बोनीने त्यांना थिएटरात परत आणलं, आणि १९७१चा दुसरा भाग तर इटलीत पहिल्याहून मोठा ठरला. हसवणारा म्हणून या चित्रपटाला कमी लेखणं अन्यायाचं आहे.

पुढच्या आठवड्यात १९७३चा ‘माय नेम इज नोबडी’ : तिथे हिलसमोर हेन्री फोंडा आहे आणि कल्पना खुद्द लिओनीची. तोवर ‘ट्रिनिटी’ मिळाला तर जरूर बघा, शक्यतो घरच्या मुलांना सोबत घेऊन.