शिक्षकाचं इंग्रजी, लेखांक सहावा : ‘मस्ट’, ‘मे’ आणि मुलांबद्दल लिहिलेली वाक्यं

मुलुंड, घाटकोपर किंवा बोरिवलीतल्या शाळांच्या फाटकावर पालकसभेची सूचना लागते. वर मराठीत असतं, ‘सर्व पालकांनी वेळेवर उपस्थित राहावे.’ खाली इंग्रजीत, ‘ऑल पेरेंट्स शुड रिमेन प्रेझेंट ऑन टाइम.’ मराठी ओळीत कुणाला काही खटकत नाही. ‘राहावे’मध्ये विनंती आहे, अपेक्षा आहे आणि शाळेच्या अधिकाराचं थोडं वजनही आहे. इंग्रजी ओळीतून विनंती गळून जाते आणि ताकीद तेवढी उरते. लिहिणाऱ्याच्या मनात ताकीद नव्हती. पुष्कळदा अशी सूचना लिहिण्याचं काम आंतरवासितेसाठी आलेल्या छात्राध्यापिकेकडे येतं, कारण तिचं इंग्रजी चांगलं आहे असं शाळेत सगळे म्हणतात. आणि ते खोटंही नसतं. वाक्यात व्याकरणाची चूक नाही, शब्दही बरोबर लिहिलेले आहेत. चुकलं ते समोरच्याशी असलेलं नातं.

आजचा लेखांक त्या नऊ छोट्या सहायक क्रियापदांचा आहे : कॅन, कुड, मे, माइट, विल, वुड, शॅल, शुड आणि मस्ट. रूपं पाहिली तर इंग्रजीत यांच्याइतकी सोपी क्रियापदं नाहीत. ‘ही’ आला म्हणून शेवटी ‘एस’ लागत नाही, पुढे मूळ क्रियापद ठेवलं की काम झालं. म्हणूनच वर्गात ती एक-दोन तासिकांत उरकतात. फळ्यावर तक्ता येतो : कॅन म्हणजे शकणे, मे म्हणजे कदाचित, शुड म्हणजे पाहिजे, मस्ट म्हणजे पाहिजेच. बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात ‘सल्ला दाखवणारं सहायक क्रियापद वापरून वाक्य पुन्हा लिहा’ असा प्रश्न येतो, आणि तक्ता पाठ असला की गुण मिळतात. पुढे शिक्षक पात्रता परीक्षेत दीडशे बहुपर्यायी प्रश्न, त्यांतले तीस दुसऱ्या भाषेचे. म्हणजे इंग्रजीचं एकही वाक्य स्वतः न लिहिता माणूस पात्र ठरू शकतो. माझ्या मते गोंधळाचं मूळ इथेच आहे. या क्रियापदांचा खरा अर्थ कोण कुणाला आणि किती खात्रीने सांगतो आहे यात असतो, आणि गाळलेल्या जागेत नेमकी हीच माहिती नसते.

लिहायची वेळ येते ती बी.एड.ला. २०१५पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि शाळेतली आंतरवासिता वाढली. विद्याविहारचं सोमय्या असो की चेंबूरचं सर्वंकष शिक्षणशास्त्र महाविद्यालय, छात्राध्यापकाला दोन वर्षं लिहीतच राहावं लागतं : पाठ टाचणं, निरीक्षणाच्या नोंदी, आंतरवासितेचा अहवाल, चिंतनाची रोजनिशी. २०००मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. मराठी माध्यमातून येऊन आज बी.एड. करणारी तरुण मुलं पहिलीपासून इंग्रजी शिकलेली आहेत. शब्दांची त्यांना भीती नाही. वाक्याचं वजन ओळखायला मात्र त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

त्यांच्या लेखनात कॅन, शुड आणि मस्ट जागोजागी भेटतात, माइट क्वचित. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मराठीतलं ‘शकतो’ फार ऐसपैस आहे. ‘तो पोहू शकतो’, ‘तू आता जाऊ शकतोस’, ‘उद्या पाऊस पडू शकतो’. पहिल्यात अंगचं सामर्थ्य आहे, दुसऱ्यात परवानगी, तिसऱ्यात नुसती शक्यता. इंग्रजीत पहिल्या दोन ठिकाणी कॅन चालतं, तिसऱ्या ठिकाणी मे किंवा माइट लागतं. छात्राध्यापक मात्र ‘इट कॅन रेन टुमॉरो’ लिहितात. ‘पाहिजे’चंही तसंच. ‘मला चहा पाहिजे’, ‘लवकर झोपायला पाहिजे’, ‘फी भरायलाच पाहिजे’ : इच्छा, सल्ला आणि सक्ती एकाच शब्दात नांदतात. उपनगरांतल्या वर्गात गुजराती आणि हिंदी बोलणारी मुलंही शेजारी बसलेली असतात, पण तिथूनही मदत मिळत नाही, कारण गुजरातीतलं ‘जोइए’ आणि हिंदीतलं ‘चाहिए’ तितकीच ऐसपैस आहेत. सगळ्या बाकांवर चूक एकसारखी होते आणि म्हणून कुणालाच दिसत नाही.

यावरून मराठीत बारकावे कमी आहेत असा निष्कर्ष कुणी काढला तर तो साफ चुकीचा ठरेल. ‘तो आला असेल’ आणि ‘तो आला असावा’ यांत खात्रीचा फरक आहे, आणि तो आपल्याला न शिकता कळतो. विध्यर्थ तर शाळेच्या व्याकरणातच आहे. कर्तव्य, योग्यता, शक्यता, इच्छा या साऱ्या छटा ‘आवा’ प्रत्ययात मावतात. याहून बोलकी जोडी ‘नको’ आणि ‘नये’ची आहे. ‘उद्या वही आणायला नको’ म्हणजे गरज नाही, आणि ‘वर्गात मोबाइल आणू नये’ म्हणजे बंदी. चौथीतलं मूलही यांत गल्लत करत नाही. पण मस्ट म्हणजे पाहिजे हे पाठ असलं, की त्याच्या उलट मस्ट नॉट म्हणजे नको असं गृहीत धरलं जातं. मग ‘यू मस्ट नॉट ब्रिंग द नोटबुक टुमॉरो’ असं वाक्य तयार होतं आणि साधी सवलत मनाई होऊन बसते. इथे नीड नॉट हवं होतं. मुलांच्या डोक्यात भेद आधीपासून स्पष्ट आहे, तक्त्याने तो पुसला. प्राध्यापकांनी एवढी एक जोडी फळ्यावर लिहून चर्चा केली, तरी तासाचं सार्थक होईल.

पाठ टाचणाचा साचाही काही सवयी लावतो. उद्दिष्टांत ‘द स्टुडंट विल बी एबल टू…’ इतक्या वेळा लिहावं लागतं की ‘एबल टू’ हाताला चिकटतं आणि ‘स्टुडंट्स कॅन एबल टू’ असा जोड तयार होतो. शिक्षकी कृतीच्या रकान्यात ‘द टीचर वुड शो द पिक्चर’ येतं. वुड विनयशील आहे असं कधीतरी कानावर पडलेलं असतं, म्हणून विलच्या जागी तेच बसतं. सोसायटीच्या फलकावर ‘वॉटर सप्लाय वुड बी क्लोज्ड टुमॉरो’ असतं, तेही याच समजुतीतून. इंग्रजी वाचणारा बाहेरचा माणूस अशा वेळी पुढची अट शोधतो, कारण त्याला ते आपल्या संकेतार्थासारखं ऐकू येतं : शिक्षकाने चित्र दाखवलं असतं, पण कधी?

भारतीय इंग्रजीतला हा वुड अभ्यासकांना जुना परिचित आहे, आणि या अभ्यासाचा एक मोठा आधार महाराष्ट्रात तयार झाला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी १९७८ या एका वर्षात छापल्या गेलेल्या भारतीय इंग्रजीतून पाचशे नमुने निवडले, प्रत्येकी सुमारे दोन हजार शब्दांचे. दहा लाख शब्दांचा हा संग्रह जगभर ‘कोल्हापूर कॉर्पस’ म्हणून ओळखला जातो. त्याची मांडणी मुद्दाम अमेरिकेतल्या ब्राउन आणि ब्रिटनमधल्या एल.ओ.बी. या १९६१च्या संग्रहांसारखी ठेवली, म्हणजे शेजारी ठेवून तुलना करता यावी. त्या परदेशी संग्रहांना पुढे १९९१ आणि १९९२च्या लेखनाची जोड मिळाली आणि जेफ्री लीच यांनी मोजून दाखवलं की मधल्या तीस वर्षांत ही सहायक क्रियापदं ब्रिटिश लेखनात साडेनऊ टक्क्यांनी आणि अमेरिकन लेखनात सुमारे बारा टक्क्यांनी घटली. सर्वांत जास्त ओसरली ती शॅल, मस्ट आणि मे. ज्या मस्टवर आपण इतका भार टाकतो, ते त्या भाषेच्या घरीच कमी वापरात येत आहे. शॅलला आजही विलच्या बरोबरीने वेळ देणाऱ्या व्याकरणवह्यांचा फेरविचार व्हायला हवा.

खात्रीची पातळी नेमकी सांगता न येणं हे काही आपलंच दुखणं नाही. केन हायलंड आणि जॉन मिल्टन यांनी १९९७मध्ये हाँगकाँगच्या आणि ब्रिटनच्या विद्यार्थ्यांचे परीक्षेतले निबंध तपासले. हाँगकाँगच्या मुलांकडे शंका किंवा शक्यता व्यक्त करण्याची साधनं मोजकी होती आणि त्यांची विधानं जास्त ठाम होती. त्यांची मतं जात्याच ठाम होती असं नव्हे. ती मवाळ करण्याचे शब्द त्यांच्या हाताशी नव्हते.

निबंधात हे चालून जातं. शिक्षकाच्या लेखनात चालत नाही, आणि मला सर्वांत काळजी वाटते ती याचीच. २०१०पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंद लिहिणं शिक्षकाचं काम झालं. मराठी नोंद अशी असते : ‘वाचताना अडखळतो.’ जे दिसलं तेवढंच, आजपुरतं. तीच इंग्रजीत जाते तेव्हा ‘ही कॅनॉट रीड’ होते. अडखळणं हे निरीक्षण होतं, कॅनॉट हा त्या मुलाच्या कुवतीवरचा निवाडा आहे. ‘युअर सन कॅन फेल’ ही ओळ घरी गेली, की पालक त्यातला शिक्षकाचा सावध इशारा वाचत नाहीत, भाकीत वाचतात. ‘ही मे नीड मोअर टाइम विथ रीडिंग’ लिहायला चार शब्द जास्त लागतात. त्यात आज काय दिसतं ते आहे, आपल्याला पूर्ण खात्री नाही ही कबुली आहे, आणि पुढे काय करायचं तेही आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाबद्दल कुठल्याही शिक्षकाने याहून जास्त खात्री बाळगू नये असं मला मनापासून वाटतं.

म्हणून सहायक क्रियापदांचा सराव गाळलेल्या जागांतून काढून या नोंदींत न्यावा असं मी सुचवतो. आंतरवासितेत प्रत्येक छात्राध्यापकाने वर्गातलं एक मूल आठवडाभर पाहावं आणि त्याच्याबद्दल तीन ओळी तीन वाचकांसाठी लिहाव्यात : पालकांसाठी, मुख्याध्यापकांसाठी आणि पुढच्या वर्षीच्या वर्गशिक्षकांसाठी. आधी मराठीत, मग इंग्रजीत. नंतर जोडीदाराने फक्त सहायक क्रियापदांखाली रेघ ओढावी आणि प्रत्येकापाशी दोन गोष्टी विचाराव्यात. हे तू पाहिलंस की तुझा अंदाज आहे? आणि हे करण्याची सक्ती आहे, सल्ला आहे की मोकळीक? उत्तर आणि शब्द जुळत नसतील तिथे शब्द बदलावा. मार्गदर्शक प्राध्यापकांनी गुण द्यायचेच असतील तर त्या बदलांना द्यावेत, पहिल्या खर्ड्याला नव्हे.

याच वह्यांत दुसरी एक गोष्ट सतत दिसते : नोंद वर्तमानकाळात सुरू होते, मध्येच भूतकाळात शिरते आणि शेवटी ‘हॅज बीन’वर थांबते. पुढच्या आठवड्यात काळांकडे वळू.